आयुर्वेद महाविद्यालयाची निवड : पालकांना आपण काय सांगतो?

‘नीट’ परीक्षेचा निकाल जूनच्या सुमारास लागतो; आयुष शाखांच्या प्रवेशफेऱ्या मात्र पावसाळा सरून थंडी पडेपर्यंत चालू राहतात. या चार-पाच महिन्यांत तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या बहुतेक वैद्यबंधू-भगिनींचा अनुभव सारखाच असावा. रुग्णांच्या रांगेत एखादा धडधाकट गृहस्थ शेवटी बसून राहतो, सर्व रुग्ण गेल्यावर आत येतो आणि पिशवीतून पाल्याचे गुणपत्रक काढतो. आमच्या यावल परिसरात हा पालक बहुधा केळी उत्पादक असतो, कधी आश्रमशाळेतील शिक्षक, तर कधी एस.टी.चा वाहक. प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टरसाहेब, पोरीचा नंबर बी.ए.एम.एस.ला लागतोय. फॉर्मात कोणतं कॉलेज वर टाकू?”

आपण जी उत्तरे देतो ती साधारणतः तीन प्रकारची असतात. कोणी स्वतः ज्या महाविद्यालयात शिकला त्याचेच नाव सांगतो. कोणी जवळचे सुचवतो. मुलगी असेल तर हमखास. तिसरे उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त दिले जाणारे : “कोणतेही घ्या हो, पदवी शेवटी एकच.” या तिसऱ्या उत्तराची प्रामुख्याने झडती घ्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे उत्तर वरवर पाहता खोटे नाही. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली आणि राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये एका छत्राखाली आली. तत्पूर्वी खान्देशातील महाविद्यालये प्रथम पुणे आणि १९९० नंतर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत होती. अभ्यासक्रम देशभर एक आहे. १९७०च्या केंद्रीय कायद्यान्वये आलेल्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेची जागा २०२० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने जून २०२१ मध्ये घेतली आणि आयोगाने साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम प्रत्येकी अठरा महिन्यांच्या तीन टप्प्यांत बसवला. त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता. प्रवेश ‘नीट’मधून, किमान पात्रता गुणांची अट सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२० रोजी कायम ठेवली, त्यामुळे ती खासगी संस्थांनाही टाळता येत नाही. पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१७ पासून अखिल भारतीय सामाईक परीक्षा आहे आणि तिच्या उत्तरपत्रिकेवर महाविद्यालयाचे नाव नसते. वरळीच्या पोदारचा विद्यार्थी आणि कालपरवा सुरू झालेल्या संस्थेचा विद्यार्थी त्या संगणकापुढे समान असतात. आमच्या पिढीला बारावीच्या गुणांवर किंवा राज्याच्या सीईटीवर प्रवेश मिळत असे. त्या मानाने आजची व्यवस्था पुष्कळच एकसारखी झाली आहे.

परंतु ही सारी समानता कागदाची आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र, नोंदणी हे एका ठशात घालता येते. रुग्णालयातील रुग्ण घालता येत नाही. बी.ए.एम.एस.च्या दोन महाविद्यालयांत खरा फरक कोणता, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एका शब्दाचे आहे : रुग्ण. तो जिथे आहे तिथे सामान्य शिक्षकाच्या हाताखालीही विद्यार्थी घडतो. तो जिथे नाही तिथे विद्वान प्राध्यापकही फळ्यावर वमनाच्या वेगांची संख्या लिहून थांबतो.

हा फरक प्रवेशाच्या वेळी लक्षात येत नाही, कारण पुस्तकी अभ्यास कुठेही होतो. पदव्युत्तर परीक्षेची तयारी तर आता विद्यार्थी महाविद्यालयाबाहेरच्या शिकवणीतून किंवा भ्रमणध्वनीवरून करतात. पुढे एम.डी., एम.एस. करावयाचे आहे म्हणून ‘नाव असलेले’ महाविद्यालय हवे, हा पालकांचा आग्रह मला म्हणून फारसा पटत नाही. परीक्षेत जे विचारतात ते घरबसल्या मिळते. जे विचारले जात नाही, म्हणजे नाडीवर बोट ठेवून दहा रुग्णांत फरक ओळखणे, बस्ती देताना हाताला जाणवणारा अवरोध, तापाने फणफणलेल्या मुलाला केव्हा पुढे पाठवायचे आणि केव्हा थांबवायचे याचा अंदाज, ते केवळ महाविद्यालयाच्या रुग्णालयातच मिळते, आणि एम.एस. शल्यतंत्राला गेलेल्या विद्यार्थ्याला ते तेथे गृहीत धरले जाते. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य आणि शालाक्य या पदव्युत्तर शाखांसाठी अनुक्रमे ३९ आणि १९, अशा एकूण ५८ शस्त्रकर्मांची यादी निश्चित केली. त्यावर देशभर वाद झाला. त्या वादात आपल्या बाजूने बोलताना आपण सर्वांनी सुश्रुताचे नाव घेतले. पदवीच्या साडेचार वर्षांत ज्याने टाके घातले नाहीत, त्याच्या हाती ही यादी देऊन काय होणार, हा प्रश्न मात्र आपल्याच सभांत फारसा कोणी विचारला नाही.

यावलसारख्या तालुक्यात या प्रश्नाला धार येते. येथील पदवीधरांपैकी काही स्वतःचा दवाखाना काढतात, पण बरेच जण सातपुड्याच्या पायथ्याशी शासकीय कामावर जातात : प्राथमिक आरोग्य केंद्रातील गट-ब वैद्यकीय अधिकारी, आदिवासी भागातील भरारी पथक, शाळा-अंगणवाड्यांतून फिरणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. तडवी व पावरा वस्त्यांवर कुपोषित बालक, सिकलसेलच्या वेदनेने तळमळणारा तरुण, सर्पदंश झालेला शेतमजूर, रात्री अडलेली बाळंतीण यांच्यासमोर अनेकदा पहिला आणि काही तास तरी एकटा उभा राहतो तो आयुर्वेद पदवीधरच. त्याच्याकडे कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे हे त्या बाळंतिणीला ठाऊक नसते. त्याने प्रसूती प्रत्यक्ष पाहिल्या होत्या की नाही, याचा परिणाम मात्र तिलाच भोगावा लागतो.

अमेरिकेत चार वर्षांची सर्वसाधारण पदवी घेतल्याखेरीज सहसा वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज करता येत नाही. तेथील विद्यार्थ्याला बावीस-तेविसाव्या वर्षी निवडीची दुसरी संधी मिळते. आपली मुले अठराव्या वर्षी एकदाच निवडतात, तीही प्रत्यक्षात पालक निवडतात. पण त्याच देशाच्या इतिहासातील एक गोष्ट आपल्या कामाची आहे. अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षकाने, जो स्वतः वैद्य नव्हता, अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय विद्यालयांना भेटी देऊन १९१० साली अहवाल प्रसिद्ध केला. त्याची रीत साधी होती. तो माहितीपत्रकावर विसंबत नसे; प्रयोगशाळा, शवविच्छेदनगृह आणि रुग्णालय स्वतः पाही. एका ठिकाणी त्याला दारांवर शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिविज्ञान अशा पाट्या दाखवण्यात आल्या, पण दारे बंद होती आणि किल्ल्या सापडत नव्हत्या. तो निरोप घेऊन निघाला, काही वेळाने एकटाच परतला आणि शिपायाला बक्षिशी देऊन दारे उघडवली. आत टेबल-खुर्च्यांखेरीज काही नव्हते. त्या अहवालानंतर तेथील अनेक विद्यालये बंद पडली. फ्लेक्सनरच्या अहवालाचे इतरही परिणाम झाले आणि ते सर्वच चांगले होते असे नाही. पण दार उघडून पाहण्याची त्याची पद्धत यावलच्या पालकालाही जमण्यासारखी आहे.

आपल्या शास्त्राला ही दृष्टी परकी नाहीच. चरकसंहितेतील विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याने आधी शास्त्राची आणि मग आचार्याची परीक्षा करावी, असा क्रम सांगितला आहे. आचार्याच्या गुणांत विद्वत्तेबरोबरच त्याने कर्म प्रत्यक्ष पाहिलेले असणे, तो हाताचा कुशल असणे आणि त्याच्याजवळ उपकरणे असणे हेही येते. सुश्रुताने तर सूत्रस्थानाचा नववा अध्यायच योग्येसाठी, म्हणजे सरावासाठी दिला. शिष्याने कोहळा-भोपळ्यासारख्या फळांवर छेदनाचा हात बसवावा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे निवडण्याचा अधिकार शिष्याकडे आहे आणि निवडीचा निकष कर्म हा आहे. आज प्रवेशाच्या अर्जातील पर्यायांचा क्रम लावणे एवढाच त्या अधिकाराचा अवशेष उरला आहे. तो तरी डोळसपणे वापरावा.

दारावरची पाटी आणि दारामागची खोली

पाहावयाचे काय? नियम काय म्हणतात ते आधी घेऊ. २०१६ च्या किमान मानकांनुसार ६० प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयास ६० खाटांचे आणि १०० प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयास १०० खाटांचे रुग्णालय आवश्यक होते. बाह्यरुग्ण विभागात रोज सरासरी अनुक्रमे १२० व २०० रुग्ण आणि खाटांचा वापर किमान ४० टक्के, अशी अट होती. वनौषधी उद्यानात २५० जाती हव्या होत्या. २०२४ मध्ये आयोगाने नवी मानके आणली आणि महाविद्यालयांच्या मूल्यांकनाचीही तरतूद केली. तरीही हे आकडे पालकाच्या उपयोगाचे आहेत, कारण ते डोळ्यांनी मोजता येतात. ६० खाटांच्या रुग्णालयात ४० टक्के म्हणजे २४ रुग्ण. आंतररुग्ण कक्षातून एक फेरी मारली की २४ माणसे आहेत की नाहीत हे कोणालाही कळते.

फेरी केव्हा मारावी, हेही महत्त्वाचे. महाविद्यालयाने ‘समुपदेशन दिन’ ठेवला असेल त्या दिवशी जाऊ नये. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाला, कोणाला न कळवता, रुग्ण म्हणूनच केसपेपर काढावा. पालकाला गुडघेदुखी असतेच. नसली तर पित्त असते. रांग किती आहे, विद्यार्थी बाकावर बसून आहेत की वैद्यांच्या शेजारी उभे राहून लिहीत आहेत, हे त्या अर्ध्या तासात दिसते. मग संध्याकाळी सहानंतर आंतररुग्ण विभाग पाहावा. तपासणीच्या काळात खाटांवर आणून झोपवलेली माणसे संध्याकाळी घरी जातात, हे आपल्या व्यवसायातील उघड गुपित आहे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. खऱ्या रुग्णाच्या खाटेखाली चपला, उशाशी डबा आणि जवळ कंटाळलेला नातेवाईक असतो. रुग्णालयात पथ्याहाराचे स्वयंपाकघर असेल तर तिथे पेया-यूष शिजते का, एवढे विचारावे.

पंचकर्म विभागाची परीक्षा नाकाने करता येते. जिथे रोज स्नेहन-स्वेदन होते तिथे तेलाचा आणि क्वाथाचा वास भिंतींत मुरलेला असतो, द्रोणीचे लाकूड काळवंडून गुळगुळीत झालेले असते आणि फरशीवर कितीही पुसले तरी पाय सरकतो. चकचकीत, कोरडी, पॉलिश केलेली द्रोणी पाहून पालक खूश होतात. वैद्याने त्यांना सांगावे की ती वापरलेली नाही.

शल्यतंत्राची एक खूण मी आवर्जून सांगतो : क्षारसूत्र. धाग्यावर एकवीस लेप द्यावे लागतात. पहिले अकरा स्नुहीक्षीराचे, पुढचे सात स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे आणि शेवटचे तीन स्नुहीक्षीर व हळदीचे. प्रत्येक लेप वाळल्याखेरीज पुढचा देता येत नाही, म्हणून ते दिवसेंदिवस चालणारे काम आहे. ज्या महाविद्यालयात क्षारसूत्र तिथेच तयार होते आणि विद्यार्थ्यांच्या हातून होते, तिथे भगंदराचे रुग्ण नियमित येतात हे निश्चित समजावे. रुग्ण नसताना एवढा खटाटोप कोणी करत नाही. “तुमच्याकडे क्षारसूत्र कोण बनवतं?” या प्रश्नाला तृतीय टप्प्यातील विद्यार्थ्याने चटकन नाव सांगितले, तर बाकीच्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे त्यात मिळाली.

वनौषधी उद्यान जुलैत पाहू नये, कारण जुलैत माळरानही हिरवे असते. ते मे महिन्यात पाहावे. पारा चव्वेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या खान्देशात जे उद्यान मे महिन्यात जिवंत आहे त्याला कोणीतरी रोज पाणी घालते. यावलच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. केळीचे ऊतिसंवर्धित रोप घेताना तो प्रयोगशाळेचे नाव विचारतो, मुळे उलटी करून पाहतो, आधीच्या लागवडीवर कोणाचा घड किती भरला याची गावोगाव चौकशी करतो. दीड वर्षाच्या पिकासाठी जो माणूस एवढी खातरजमा करतो, तो साडेपाच वर्षांच्या शिक्षणासाठी रंगीत माहितीपत्रकावर विश्वास ठेवतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. दोष त्याचा नाही. घडाचे वजन कसे पाहायचे हे त्याला माहीत आहे, महाविद्यालयाचे माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते आपण त्याला “कोणतेही घ्या” म्हणतो.

शिक्षकांविषयी थोडक्यात. नावे संकेतस्थळावर असतात. त्यातील पाच नावे लिहून घ्यावीत आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारावे की, हे सर आठवड्यातून किती दिवस दिसतात? कागदोपत्री शिक्षक ही आपल्या क्षेत्राची जुनी व्याधी आहे. नियम कडक होत गेले तसे तिचे रूप बदलले, पण ती समूळ गेली असे म्हणता येणार नाही. टपरीवरचे विद्यार्थी खोटे बोलत नाहीत. मात्र प्रथम वर्षाच्या मुलांना विचारू नये, ती अजून भारावलेली असतात.

औषधनिर्माते व विक्रेत्यांजवळची माहिती

या त्रैमासिकाचे वाचक असलेल्या औषधालय मालकांना एक विनंती आहे. कोणत्या महाविद्यालयाचे रुग्णालय खरोखर चालते, याची सर्वांत खात्रीची नोंद विद्यापीठाकडे नसून आपल्या बिलबुकांत आहे. तीळतेल, बलातेल, महानारायण तेल, दशमुळांची भरड, एरंडतेल, सैंधव, त्रिफळा यांची मागणी ज्या रुग्णालयाकडून महिन्याच्या महिन्याला सारखी येते, तिथे कर्मे होत आहेत. जिथून वर्षातून एकदाच, तपासणीच्या आधी, शंभर प्रकारच्या औषधांच्या एकेक शिशा मागवल्या जातात, तिथे काय चालते हेही आपण जाणता. कोणाची बिले उघड करावीत असे मी सुचवत नाही. व्यवसायाची गोपनीयता असतेच. पण ओळखीचा पालक दुकानात येऊन विचारील तेव्हा “अमुक ठिकाणी तेल खपते” एवढे वाक्य त्याच्या फार उपयोगी पडेल.

यात आपला स्वार्थही आहे, तो लपवण्याचे कारण नाही. ज्या पदवीधराने पाच वर्षांत क्वाथ उकळताना पाहिला नाही, तो दवाखाना काढल्यावर क्वाथ लिहीत नाही. त्याला कल्पाची मात्रा, अनुपान, किती दिवसांत गुण दिसावा याचा अंदाज नसतो. म्हणून पहिल्या आठवड्यात गुण न दिसल्यास तो घाबरून दुसऱ्या शास्त्राच्या गोळ्यांकडे वळतो आणि तिथेच राहतो. महाराष्ट्र शासनाच्या १९९२ व १९९९ च्या आदेशांनी संमिश्र व्यवसायाला जी मुभा दिली, तिचे समर्थन मी ग्रामीण भागाच्या गरजेच्या मर्यादेत करीन. परंतु मुभा ही गरज म्हणून वापरणे वेगळे आणि आयुर्वेद येत नाही म्हणून वापरणे वेगळे. यावलच्या बाजारात सातपुड्यातून शतावरी, बेहडा, सालईचा डिंक येतो आणि तो विकत घेऊन लिहिणारे वैद्य कमी होत चालले आहेत. याचे मूळ शोधत गेल्यास ते बहुधा एखाद्या रिकाम्या आंतररुग्ण कक्षात सापडते.

अंतर, शुल्क आणि कागद

महाराष्ट्रात शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित आणि अभिमत अशी चार प्रकारची महाविद्यालये आहेत. वरळीचे पोदार (१९४१), नागपूर, नांदेड, धाराशिव ही शासकीय म्हणून परिचित आहेत. २०१७ साली जळगावनजीक चिंचोली येथे मंजूर झालेल्या वैद्यकीय संकुलातही आयुर्वेद महाविद्यालयाचा समावेश होता. अहिल्यानगरचे गुणे शास्त्रींचे महाविद्यालय (१९१७), पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय (१९३३), नाशिकला गणेशवाडीतील महाविद्यालय या संस्था आपल्या इतिहासाचाच भाग आहेत. घराजवळ पाहावयाचे तर भुसावळच्या अलीकडे साकेगावी चैतन्य आणि धुळ्याला अजमेरा महाविद्यालय आहे. यांपैकी कोणाचेही नाव मी वर किंवा खाली टाकणार नाही. वर सांगितलेली परीक्षा प्रत्येकाला सारखीच लावावी. जुने नाव आज काय चालले आहे याची हमी देत नाही, तसेच नव्या संस्थेत एखादा झपाटलेला विभागप्रमुख पाच वर्षांत चांगले रुग्णालय उभे करतो, असेही घडते.

यावलकरांना जवळच्या एका वाटेची आठवण सहसा होत नाही. सावदा-रावेरमार्गे दीड-दोन तासांवर बुऱ्हाणपूरला पं. शिवनाथ शास्त्री शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. ते मध्य प्रदेशात असल्याने राज्याच्या कोट्यातून आपल्या मुलांना मिळणार नाही, परंतु शासकीय महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांसाठी आयुष प्रवेश केंद्रीय समुपदेशन समितीकडे वेगळा अर्ज करता येतो. त्याच अर्जातून जामनगर, जयपूर, वाराणसी आणि गोव्यात धारगळ येथे २०२२ साली उघडलेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची शाखा यांचेही पर्याय देता येतात. राज्याचा अर्ज भरला म्हणजे झाले, असे समजून कित्येक चांगल्या गुणांची मुले हा दुसरा अर्ज करीतच नाहीत. अंतराची भीतीही जरा तपासून घ्यावी. भुसावळ जंक्शन यावलपासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिथून मुंबई आणि नागपूर दोन्ही एका रात्रीच्या प्रवासाची. “मुलगी लांब कशी पाठवू?” या प्रश्नाचे उत्तर वसतिगृह आवारात आहे की नाही आणि रात्रीच्या आंतररुग्ण ड्युटीवरून तिला परत कसे यायचे आहे, यात शोधावे. घराजवळच्या महाविद्यालयात रोज एस.टी.ने जाणारी मुलगी संध्याकाळची फेरी आणि रात्रीचा रुग्ण कधीच पाहत नाही, हा जवळच्या प्रवेशाचा तोटा कोणी हिशेबात धरत नाही.

शुल्काबाबत दोन गोष्टी पालकांच्या ध्यानात आणून द्याव्यात. खासगी विनाअनुदानित संस्थांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, ते संकेतस्थळावर पाहता येते. त्याहून अधिक मागितल्यास पावती मागावी. दुसरी, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. पण ती केंद्रीभूत प्रवेशफेरीतून जागा घेतली तरच. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती लागत नाही. शेवटच्या टप्प्यात ‘आमच्याकडे जागा आहे, आजच या’ असे सांगणारा दलालाचा दूरध्वनी येतो तेव्हा पालकाला नेमके हेच सांगितले जात नाही आणि मुलगी शुल्कमाफीला मुकते.

ज्या मुलाला मनापासून एम.बी.बी.एस.च हवे आहे त्याच्याविषयी मी पालकांना स्पष्ट सांगतो : एक वर्ष थांबा. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८ पासून जळगावचेही आहे. पुन्हा प्रयत्न करू द्या. तिकडे नाही म्हणून इकडे, अशा मनाने आलेला विद्यार्थी चांगल्या रुग्णालयातही बाकावरच बसतो. पदवीनंतर वेतन आणि दर्जा समान मिळेल, असेही कोणी त्याला सांगू नये. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये गुजरातच्या प्रकरणात समान वेतनाचा दावा मान्य केलेला नाही. हे ऐकूनही ज्याला यायचे आहे त्याने जरूर यावे. तो मराठी माध्यमाचा असेल तर भिऊ नये. प्रादेशिक भाषेतून शिकण्याची मुभा नियमांत आहे आणि संस्कृतची धास्ती पहिल्या सहा महिन्यांत जाते.

राहता राहिले कागद. तडवी, पावरा, बारेला समाजातील मुलांची जागा गुणांमुळे क्वचित जाते, जात वैधता प्रमाणपत्राअभावी ती अनेकदा जाते. हा अर्ज अकरावीतच करून टाकावा. बारावीचा निकाल लागल्यावर केलेल्या धावपळीला बहुधा उशीर झालेला असतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून निर्वाहभत्ता मिळतो. त्याची चौकशी यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते, त्यासाठी जळगावला खेटे घालावे लागत नाहीत. संबंधित महाविद्यालयाला त्या शैक्षणिक वर्षाची आयोगाची परवानगी मिळाली आहे की नाही, हे आयोगाच्या यादीत पाहूनच पर्याय भरावा. फेरी चालू असताना यादी बदलते, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी ती पुन्हा पाहावी. मिळालेल्या जागेवर समाधान असेल आणि पुढच्या फेरीत ती बदलू नये अशी इच्छा असेल, तरच जागा कायम ठेवण्याचा अर्ज भरून द्यावा. हा अर्ज महाविद्यालयाचा लिपिक प्रवेशाच्या दिवशी इतर कागदांच्या गठ्ठ्यात सहीसाठी पुढे सरकवतो. तो वेगळा काढून, वाचून, मगच सही करावी.